पिनकुशनमध्ये काय भरावं, आणि पिना कुठे नि किती लावाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एक ताई घरी बसून नातवासाठी दुपटी आणि जुन्या साड्यांची गोधडी शिवताहेत. बाजारातून आणलेलं पिनकुशन कापसाचं आहे. त्यातल्या पिना थोड्याच दिवसांत गंजल्या आणि पांढऱ्या दुपट्यावर तांबूस ठिपके पडले. भरपूर पिना लावूनही थर सरकतात. त्यात गल्लीतले टेलर मास्तर एकही पिन न लावता ब्लाऊज शिवून मोकळे होतात, आणि विचारलं तर म्हणतात, "पिना कायले पायजे जी, बोटं कायसाठी हायेत?" तर पिनकुशन कसलं असावं, पिना किती आणि कुठे लावाव्यात, की लावूच नयेत?

आधी गंजाचं सांगते. त्याचा दोष सगळे पावसाळ्याला देतात, पण आपल्याकडे पिना गंजायला मृगाची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हवा ठणठणीत कोरडी असते हे खरं, पण आपण शिवायला बसतो कूलरपाशी. खिडकीत कूलर, उजेडासाठी मशीनही त्याच खिडकीजवळ, आणि मशीनच्या फळीवर पिनकुशन. म्हणजे दिवसभर ओलसर वारा थेट त्याच्यावर. आत कापूस असला की तो ओल पितो आणि सोडत नाही. पिनेचं डोकं बाहेर चकचकीत राहतं आणि टोक आत ओलीत बसतं. तुमच्या गंजलेल्या पिना नीट बघा, डोक्याखालचा जेवढा भाग बाहेर होता तेवढा स्वच्छ असेल आणि कापडात शिरलेल्या भागावरच तांबूस थर असेल. म्हणून पहिला उपाय फुकटातला: पिनकुशन कूलरच्या वाऱ्यातून हलवा आणि काम झालं की झाकणाच्या डब्यात ठेवा. औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी डब्यात टाकली तर उत्तमच.

दुसरा भाग पिनांचा. स्वस्त पाकिटातल्या पिना पोलादी तारेच्या असतात, वर निकेलचा पातळ मुलामा. घामट बोटांनी रोज हाताळल्या की तो मुलामा झिजतो आणि मग गंजायला वेळ लागत नाही. पितळी पिना गंजत नाहीत, फक्त काळवंडतात, पण त्या मऊ असल्याने लवकर वाकतात.

डागांचं म्हणाल तर पांढऱ्या सुती कापडावर लिंबू पिळा, मीठ भुरभुरवा आणि उन्हात ठेवा. वाळत आलं की पुन्हा लिंबू. मग साध्या पाण्याने धुवा. ब्लीच मात्र चुकूनही लावू नका, गंजाचा डाग त्याने आणखी पक्का होतो. रंगीत कापडावर आधी आतल्या बाजूच्या कोपऱ्यात थेंब टाकून बघा. रेशमावर हा प्रयोग करू नका, ते ड्रायक्लीनवाल्याचं काम.

आता आत काय भरायचं. कापूस बाद, हे कळलंच. उशांमध्ये भरतात तो पॉलिस्टरचा फायबर गंजाच्या बाबतीत बरा, पण तो फुसका. पिन उभी राहत नाही, लवंडते, आणि बारीक सुई आत पार गडप होते. तांदूळ भरायचा सल्ला बऱ्याच जणी देतात. वजनाला छान, पण पावसाळ्यात सोंडे झाले की पिनकुशन चालायला लागतं. काथ्या पिनेला अडवतो.

मला विचाराल तर साध्या घरगुती कामाला लाकडाचा भुसा सगळ्यांत चांगला. पिन घट्ट धरतो, आकार टिकवतो, जड असतो आणि नागपुरात तर तोटाच नाही, लकडगंजात आरा मशीनवर मागितला तर पिशवीभर मिळतो. तीन गोष्टी सांभाळायच्या. प्लायवूडचा भुसा घ्यायचा नाही, त्यात डिंक असतो. भुसा चाळून घ्यायचा, कारण एखादी कपची राहिली की पिन तिथेच अडते. आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून वाळवायचा, नुसता कोरडा वाटतो म्हणून भरायचा नाही. सागाचा भुसा तेलकट असतो. पिनांना ते चालतं, पण फिक्या कव्हरवर पिवळट डाग उमटतो, तेव्हा आत घट्ट विणीच्या कापडाची एक पिशवी शिवून घ्या आणि वर कव्हर गडद रंगाचं.

दुसरा चांगला पर्याय लोकर. कच्च्या लोकरीत लॅनोलिन नावाची चरबी असते, तिचा पातळ थर पिनेवर बसतो, पिन कापडात सहज शिरते. मात्र रंगवलेल्या, धुतलेल्या लोकरीत ते फारसं उरत नाही, आणि स्वेटर विणायला आणतो ती लोकर तर बहुतेक वेळा ॲक्रिलिकच निघते. घरात फाटकी घोंगडी असेल तर तिचे बारीक तुकडे कापून भरा, पण आधी कोमट पाण्यात दोनदा धुवून. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, ती तशीच आत गेली तर ओल धरते आणि किडे बोलावते.

तिसरा पर्याय ऐकून नाक मुरडाल: गुंतवळ. विंचरताना निघालेले केस साठवून, शिकेकाईने धुवून, पूर्ण वाळवून भरायचे. केसांच्या नैसर्गिक तेलकटपणामुळे सुया गुळगुळीत राहतात. जुन्या बायका हेच करत आणि त्यांच्या सुया वर्षानुवर्षं चालत. खोबरेल थापलेले केस मात्र नकोत, ते तेल खवट होतं आणि कापडाला लागतं.

एमरीचा गोंधळ इथेच मिटवू. लाल टोमॅटोच्या आकाराच्या पिनकुशनला एक छोटी स्ट्रॉबेरी लटकत असते, बऱ्याच जणी ती शोभेची समजून कापून टाकतात. तिच्यात, निदान चांगल्या बनावटीत, एमरी पावडर असते, म्हणजे धार लावायच्या दगडाचीच जात. सुईचं टोक बोथट किंवा गंजकट वाटलं की चार-पाच वेळा त्यात खुपसून काढायची. पण सगळ्या पिना कायम एमरीत ठेवायच्या नाहीत, कारण गंज घासला जातो तसा निकेलचा मुलामाही घासला जातो. घरी करायची असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून एमरी पावडर आणा आणि पिशवी दुहेरी शिवा, ती फार बारीक असते, विणीतून गळते. नाहीतर बारीक पॉलिश पेपरची घडी, तीही चालते.

शिवताना एक मोजमाप लक्षात ठेवा. पिनकुशनची जाडी तुमच्या सर्वांत लांब पिनेपेक्षा जास्त हवी. साधी पिन सव्वा इंचाची, गोधडीसाठीची पावणेदोन इंचांची, म्हणजे भरल्यावर जाडी दोन इंचांच्या वर राहिली पाहिजे. तळाशी प्लास्टिकच्या डब्याचं गोल झाकण घाला, सुई पार होऊन मांडीत शिरत नाही. भरताना चमच्याच्या दांड्याने ठासून भरा. अंगठ्याने जोरात दाबलं तरी खड्डा पडता कामा नये. मनगटावर बांधायचं असेल तर झाकण हवंच हवं, तिथे खाली शीर आहे.

सुया आणि पिना एकाच पिनकुशनमध्ये ठेवू नका. सुयांना डोकं नसतं, त्या आत बुडतात आणि मग एके दिवशी तुमच्या बोटातून वर येतात. सुयांसाठी फ्लॅनेलच्या चार पानांची छोटी वही शिवा. टोमॅटोच्या फाका मात्र एका कामाला फार उपयोगी पडतात: अर्धवट वापरलेल्या मशीनच्या सुया. एका फाकेवर पेनाने ११, दुसरीवर १४, तिसरीवर १६ लिहा. जॉर्जेट संपवून जीनची पँट आखूड करायला घेतली की ११ ची काढून तिच्या घरात टोचायची. सुईच्या दांड्यावरचा आकडा वाचायला चाळिशीनंतर भिंग लागतं, तो त्रास वाचतो.

पिना घेताना इतवारी-गांधीबागेत शिलाईचं सामान विकणारी जी दुकानं आहेत तिथे जा, स्टेशनरीवाल्याकडे नको. ऑफिसची टाचणी कागदासाठी असते, जाड आणि टोकाला खरबरीत. सुती कापड सहन करतं, रेशीम नाही. मण्याच्या डोक्याच्या पिना हाताळायला सोप्या, पण तो मणी काचेचा की प्लास्टिकचा हे बघून घ्या. प्लास्टिकचा इस्त्रीखाली वितळतो आणि कापडावर रंगीत चट्टा ठेवून जातो. एक पिन चिंधीवर ठेवून गरम इस्त्री टेकवली की घरी लगेच समजतं. तारेची जाडी पाकिटावर लिहिलेली असेल तर अर्धा मिलिमीटर पातळ कापडाला, ०.६ रोजच्या कामाला, ०.८ जाड थरांना. टिकलीसारख्या चपट्या डोक्याच्या पिना पॅचवर्कवाल्यांच्या सोयीच्या, त्यांच्यावर पट्टी सपाट बसते.

आता तुमच्या मास्तरांकडे वळू. ते खरंच पिना लावत नाहीत, आणि त्यात फुशारकी नाही. कापतानाच त्यांनी कडेला बारीक खाचा दिलेल्या असतात. टीप मारताना खाच खाचेला भिडवायची, वीतभर शिवायचं, सुई कापडात ठेवून थांबायचं, पुढची वीत जुळवायची. दोन्ही हातांना ती सवय आयुष्यभराची. तुम्हीही सरळ सुती शिवणीला, उशीच्या अभ्र्याला वगैरे, पिना लावू नका, त्यात वेळ जातो एवढंच. पण बाही मुंढ्याला जोडताना, चौकडी किंवा काठ जुळवताना आणि सुळसुळीत कापडावर लावाच. मास्तर त्यांच्या जागी बरोबर आहेत, पण ते दिवसाला जेवढ्या बाह्या लावतात तेवढ्या आपण वर्षात लावत नाही.

बाहीवरच दाखवते, कारण लावायची पद्धत तिथे नीट कळते. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा मोठा असतो, ते जास्तीचं कापड चुणी न पडता जिरवायचं असतं. पहिली पिन खांद्याच्या शिवणीवर, दुसरी काखेत. मग पुढच्या आणि मागच्या खुणांवर. मग प्रत्येक दोन पिनांच्या मध्यावर एकेक. एका टोकाकडून लावत जाऊ नका, शेवटी सगळं जास्तीचं कापड एका जागी गोळा होतं आणि मग आपण ते ओढत बसतो. प्रत्येक पिन शिवणीला आडवी, डोकं कडेच्या बाहेर, उजव्या हाताला सापडेल असं. टोक शिवणरेषेवर शिरून लगेच, दोन-तीन धागे उचलून, वर आलं पाहिजे. घास मोठा घेतला की तिथेच कापड फुगतं, आणि नेमकं तेच आपल्याला टाळायचं असतं. शिवताना बाही खाली, अंगाचा भाग वर. मशीनचे दाते खालचं कापड जरा जास्त ओढून घेतात, तेव्हा मोठा तुकडा खाली असला की निम्मं काम दातेच करतात.

आणि पिन मशीनच्या फुटाजवळ, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाजवळ, आली की काढा. शिवणीला समांतर लावलेली तर आधीच काढावी लागते, आडवी लावलेली "चालते" म्हणून बऱ्याच जणी तिच्यावरून टीप नेतात. पायाच्या मशीनवर हळू चालवलं तर दहातली नऊ वेळा निभावतं. दहाव्या वेळी सुई पिनेवर आपटते, तुकडा डोळ्याच्या दिशेने उडतो किंवा शटलचं, म्हणजे खालचा दोरा पकडणाऱ्या भागाचं, टायमिंग बिघडतं. शिवाय सुईखालच्या पट्टीच्या भोकाला बारीक कंगोरा पडतो, तो दिसत नाही, पण त्यानंतर दोरा तुटत राहतो आणि आपण दोऱ्याला शिव्या देतो. संशय आला तर कापसाचा बोळा त्या भोकावरून फिरवा. तंतू अडकले तर कंगोरा आहे.

माझ्या मते पिन ही उभ्याउभ्या येऊन जाणारी पाहुणी आहे, तिला मुक्काम करू द्यायचा नाही. गंजाचे डाग असोत की कापडाला पडणारी भोकं, पिना कापडात दिवसच्या दिवस राहिल्या की दोन्ही वाढतात. आज लावलं, मध्येच पाहुणे आले, काम आठ दिवस कपाटात पडलं. एका बैठकीत शिवून होणार नसेल तर पिना लावूच नका, कच्चे टाके घाला.

टसरची किंवा पैठणीची गोष्ट याहून नाजूक. आपल्या भंडाऱ्याकडच्या टसरवर पिन टोचलीच तर शिवणीच्या आतल्या भागात टोचा, दर्शनी भागावर नाही. धागा तुटला नसेल तर भोकावर नख उभं-आडवं हलकेच फिरवून, वर सुती कापड घालून, कोमट इस्त्री केली की वीण परत मिटते. जरीच्या काठात पिन खुपसू नका, जर उचकटते. तिथे आणि रेक्झिन, चामड्यावर क्लिपा वापरा. शिलाईच्या प्लास्टिक क्लिपा नसतील तर केसांच्या टिकटॅक क्लिपाही भागवतात.

आता गोधडी. तुमचे थर सरकतात कारण तुम्ही साध्या सरळ पिना लावताय. तीन-चार थरांत सरळ पिन धरून राहत नाही, कापड उचललं की निसटते, आणि निसटली नाही तर मनगट ओरबाडते. मशीनवर शिवणार असाल तर सेफ्टी पिना घ्या, शक्यतो किंचित बाक असलेल्या, त्या खालच्या थरात जाऊन आपोआप वर वळतात. (सेफ्टी पिनचा जनक अमेरिकेतला वॉल्टर हंट. १८४९ साली त्याने पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं.) खालचा थर उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा, कडा चिकटपट्टीने चिकटवा, ताणून नव्हे, सुरकुती जाईल इतपतच. त्यावर मधला थर, त्यावर वरचा. पिना मध्यापासून बाहेर लावत जा, चार बोटं टेकली तर कुठेतरी पिन लागलीच पाहिजे इतक्या जवळ, म्हणजे साधारण चार इंचांवर. हिशेब करा: ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला असे सुमारे ३४० बिंदू होतात. दोन डझन पिनांत भागवायला गेलात तर थर सरकणारच. आधी सगळ्या पिना उघड्याच टोचा, मग एका बाजूने बंद करत या. बंद करताना पिनेचं टोक चमच्याच्या कडेवर टेकवून उचललं तर बोटांची साल निघत नाही.

हाताने शिवणार असाल तर पिनांचा खटाटोपच सोडा. जुन्या बायका गोधडी घालताना पिन वापरत नसत. साड्या फरशीवर अंथरून, कोपऱ्यांवर वजनं ठेवून, लांब लांब कच्चे टाके घालून घेत, आणि मग धावदोरा कडेपासून आत आत नेत. मशीनला मध्यापासून बाहेर जायचा नियम आणि इथे उलटा, हे विचित्र वाटेल. पण मशीन कापड पुढे ढकलत नेतं, म्हणून जास्तीचं बाहेर निघून जायला वाट ठेवावी लागते. हाताचा टाका कापड ढकलत नाही, थर आधीच टाक्यांनी बांधलेले असतात. जुन्या साड्या असतील तर एक बघा, सुती आणि सिंथेटिक एका गोधडीत मिसळू नका. सुती आटतं, सिंथेटिक आटत नाही, आणि पहिल्या धुण्यानंतर जो फुगवटा येतो त्याला कुठलीच पिन जबाबदार नसते.

दुपटी, झबली, कुंची यांना माझ्याकडून पिनांना सरळ मनाई. पांढऱ्या, मऊ, दुहेरी कापडात डोकं तुटलेली पिन डोळ्यांना दिसत नाही आणि हातालाही लागेलच असं नाही. कच्चे टाके घाला, तेही वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, काढताना एक राहिला तरी दिसतो. पिना वापरल्याच असतील तर लावताना मोजा, काढताना मोजा, आणि शेवटी चांगलं जोरदार लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवा. पितळी पिनेला चुंबक ओढत नाही, म्हणून बाळाच्या कामात पितळी पिना नकोत. चुंबकाची वाटी पिनकुशनऐवजी वापरणाऱ्यांना एवढंच सांगते की पिना हळूहळू स्वतःच चुंबक होतात, एक उचलली की चार लटकतात. फरशीवर सांडलेल्या गोळा करायला मात्र तिच्यासारखं काही नाही.

तोंडात पिना धरायची सवय मास्तरांपासून शिकाऊ मुलींपर्यंत सगळ्यांना असते आणि सगळे ती "सवयीची" म्हणून सांगतात. शिंक, उचकी किंवा मागून कुणी हाक मारली, एवढं पुरतं. श्वासाबरोबर गेलेली पिन बऱ्याचदा उजव्या फुप्फुसाच्या नळीत जाते, कारण ती डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते. पिन गिळली किंवा श्वासात गेली तर केळी, भात, ब्रेड काहीही खाऊ घालू नका. एक्स-रे आणि दुर्बीण असलेल्या दवाखान्यात ताबडतोब जा. मनगटावरचं पिनकुशन बांधा, ते त्यासाठीच आहे.

वाकलेली, बोथट झालेली पिन परत पिनकुशनमध्ये टोचू नका. ओळखायची कशी, तर जुन्या शिफॉनच्या ओढणीवर टोक हलकेच ओढा, धागा उचलला की ती गेली. अशा पिना आणि तुटक्या सुया औषधाच्या झाकणवाल्या बाटलीत साठवा आणि भरली की झाकण टेपने बंद करून, वर जाड पेनाने "सुया" लिहून कचऱ्यात द्या. सुट्या टाकल्या तर पिशवीतून त्या कचरा उचलणाऱ्याच्या हातात जातात.